कॅमेरा उघडायचा रविवार

रविवारी सकाळी आमच्या घरात पंखा लागत नसे. भर वैशाखातही नाही. चहाचे कप विसळून झाले की अण्णा उठत, पुढच्या खोलीतलं बटण बंद करत आणि "चला, कॅमेरा उघडायचाय" म्हणत. बोलणं एवढंच. पण त्यानंतर घरात जे सुरू होई त्याला मी मनातल्या मनात संचारबंदी म्हणत असे. आधी आईनं फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, एकदा उभी, एकदा आडवी. मग जुनी धोतरं बादलीत बुडवून, पिळून, खिडक्यांना आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगायची. हवेतली धूळ त्या ओल्या कापडाला चिकटते आणि उरलेली जड होऊन खाली बसते, असं अण्णांचं शास्त्र होतं. ते त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. पण त्यांनी एकदा मानलं म्हणजे आम्हीही मानायचं. धूळ बसेपर्यंत कुणी चालायचं नाही. केस विंचरायचे नाहीत, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, तोंडाला पावडर लावायची नाही, आणि शिंक आलीच तर मागच्या चोकडीत जाऊन शिंकायचं. चोकडी म्हणजे मागच्या दारची धुण्याभांड्यांची जागा. आम्ही बडोद्याची माणसं मोरीला तेच म्हणायचो.

अण्णा स्वतः उघड्या अंगानं बसत, कारण बनियनचे तंतू उडतात. केस पाणी लावून चापून बसवलेले. समोर टेबलावर पांढरा कागद, मऊ केसांचा ब्रश, धुऊन धुऊन विरलेलं मलमलीचं फडकं आणि कानात औषध सोडायचा एक रबरी फुगा. मधोमध तो कॅमेरा, दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा. आफ्रिकेतून परत आलेल्या एका गृहस्थाकडून त्यांनी तो घेतला होता आणि घरात आल्या दिवसापासून तो आमच्यापेक्षा वरच्या पायरीवर बसला होता. फुगा दाबल्याचा फुस्स फुस्स आवाज, मग भिंगावर तोंडाची वाफ सोडल्याचा हाः, मग फडकं. तासन्‌तास घरात दुसरा आवाज नसे. त्या दमट अंधारात ओल्या धोतरांचा कुबट वास कोंडलेला असे आणि मी पलंगावर पाय वर घेऊन, पुस्तक हातात धरून, पान उलटायचीही चोरी असल्यासारखी बसलेली असे. मला त्या फुग्याचा राग यायचा. त्यांच्या त्या ओल्या, चापट केसांचा तर फारच यायचा.

रविवारी सकाळच्या चहानंतर आमच्याकडे चूल पेटत नसे. फोडणीचा धूर भिंगावर बसतो, म्हणून आई शनिवारी संध्याकाळीच बाजरीच्या पिठाची ढेबरी लाटून, भाजून ठेवी आणि रविवारी आम्ही ती गार ढेबरी कैरीच्या गोड छुंद्याबरोबर, तोंडाचा आवाज न करता खात असू. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीची घरं भिंतीला भिंत लावून होती. पलीकडे कोकिळाबेनच्या घरी त्याच वेळी कढईत फाफडा पडत असे, हिंग आणि ओव्याचा वास आमच्या ओल्या धोतरांमधून बिनदिक्कत आत येई, आणि हसण्याचे, भांड्यांचे, रेडिओचे आवाजही. एखाद्या रविवारी कोकिळाबेन कुंपणावरून मला हाक मारत, "वसु, ए वसु! शुं बाफो छो अंदर?" आत काय उकडताय, असं विचारायच्या त्या. मी उत्तर देऊ शकत नसे, कारण उत्तर द्यायला खिडकीचं धोतर बाजूला करावं लागलं असतं. आता माझा नातू मोबाईल पँटीला खसाखसा पुसतो आणि फोटो काढतो. त्याची आई त्याला रागावते. मला मात्र ते बघून मनापासून बरं वाटतं.

अण्णा बांधकाम खात्यात नकाशे काढत. त्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या हुद्द्याचं वजन संस्थान गेल्यावरही अण्णांच्या बोलण्यात तसंच राहिलं होतं. ते ओरडत क्वचित. "आपल्या घरात हे चालत नाही," एवढंच म्हणत, आणि 'आपल्या' या शब्दात आई कधीच धरलेली नसे. ती नागरवाड्यातली, एका शाळामास्तरांची मुलगी. तिच्या हातात रांगोळी होती. ठिपक्यांची नव्हे, माणसांची. बडोद्यात दिवाळीला रांगोळीची प्रदर्शनं भरतात, तिथं जमिनीवर माणसाचा चेहरा असा उमटलेला असतो की बघणारा वाकून श्वास रोखतो. लग्नाआधी आई असे चेहरे काढायची, हे मला कोकिळाबेनकडून कळलं होतं, तिच्याकडून नाही. आमच्या घरात तिला दारापुढच्या ओट्यावर वीतभर रांगोळी काढायची मुभा होती, तीही रविवार सोडून. बाकी तिचे रंग बिस्किटांच्या डब्यांत, मागच्या दाराशी, सायकलीखाली.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईला प्रदर्शनाचं बोलावणं आलं. एका मंडळाच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या की या दिवाळीला मधली मोठी जागा तुमची, एक माणूस पुरा काढा. आई त्यांना पाणी द्यायचंच विसरली. त्या गेल्यावर ती ओट्यावरून आत आली आणि तिनं सायकलीखालचे डबे बाहेर काढले. तो सबंध पावसाळा ती दुपारी रंग करत बसे. चिरोडी, म्हणजे रांगोळीची पांढरी भुकटी, वस्त्रगाळ करायची, त्यात रंग मळायचा, पुन्हा गाळायची. कोळसा कुटायचा, वीट कुटायची, आणि चेहऱ्याच्या कातडीसाठी त्या दोन्हींतलं थोडं थोडं घेऊन, तळहातावर ठेवून, खिडकीपाशी नेऊन बघायचं. मला तिनं चिमटीतून रंग भुरभुरवायला शिकवलं. "चिमूट सैल सोड. दाबलीस तर ढीग पडतो," ती म्हणायची. अण्णा कचेरीतून यायच्या आत फरशी पुसून, डबे बंद करून, हात धुऊन ती चहाला आधण ठेवत असे. वीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्या पावसाळ्यात ऐकलं.

नवरात्राच्या तोंडावर अण्णांचा एक रोल धुऊन आला आणि सगळे फोटो धुरकट निघाले. त्या रविवारी त्यांनी कॅमेरा उघडला, भिंगामागे बॅटरी धरली आणि बघतच राहिले. भिंगाच्या आत, दोन काचांच्या मध्ये, पांढुरकं काहीतरी पसरलं होतं. ते उठले. ओल्या फरशीवर कुणी चालायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून थेट मागच्या दाराशी गेले आणि आईचे डबे एकावर एक रचून चोकडीत घेऊन आले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"हे काय करताय?" ती म्हणाली.

"रांगोळी गेलीय भिंगात. तुझी रांगोळी. मी इथे धुळीचा एक कण राहू नये म्हणून जिवाचं रान करतोय आणि तू घरात रोज शेरभर धूळ गाळत बसतेस!"

"मी दार लावून गाळते. फरशी पुसते नंतर."

"आपल्या घरात हे यापुढे चालणार नाही. आणि प्रदर्शनाबिदर्शनाला नाही म्हणून कळवून टाक."

त्यांनी एकेक डबा उघडून पालथा केला आणि नळ सोडला. काळा, विटकरी, आंब्याच्या कोयीसारखा पिवळा, सगळा रंग एकमेकांत मिसळून शेवटी चिखलासारखा झाला आणि जाळीपाशी तुंबला. अण्णांनी खराट्याच्या काडीनं जाळी मोकळी केली, अगदी व्यवस्थित, नकाशावरची रेघ ओढावी तशी. आई बघत उभी राहिली. मला वाटलं तिनं काहीतरी फेकावं, त्या टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर मूठभर राख तरी उधळावी. ती वळली आणि ढेबरी वाढायला घेतली. त्या दिवशी मी अण्णांचा द्वेष केला. राग नव्हे, द्वेषच. मला दोन्हींतला फरक तेव्हा नीट कळला होता.

त्यानंतर घरात एक निराळीच शिस्त आली. आई अण्णांशी बोलायची, पण कामापुरतं आणि इतक्या अदबीनं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "वाढू का?" "पुरे का?" "टॉवेल ठेवलाय." वरणात मीठ कमी नाही, पोळी कधी करपलेली नाही, तक्रारीला जागाच ठेवायची नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. दुपारी ती कोकिळाबेनकडे जायची. पापड लाटायला, असं म्हणायची. मी समजले की तिनं हाय खाल्ली आणि प्रदर्शनाचा विषय मनातून काढून टाकला. मला ते सहन होईना.

एक दिवस अण्णा कचेरीत असताना मी त्यांच्या कपाटातून कॅमेरा काढला. आमच्या घरात हे करणं म्हणजे देवघरातली मूर्ती उचलून नेण्यासारखंच होतं. कातडी पिशवी उघडली तेव्हा आतून आमच्या रविवारचाच वास आला, कुबट, ओलसर. मी कॉलेजातून हातभिंग आणलं होतं. बॅटरी मागे धरून मी आत पाहिलं आणि मला हसूच फुटलं. वनस्पतिशास्त्राच्या तासाला शिळ्या पावावरची बुरशी आम्ही काचपट्टीवर ठेवून पाहिली होती, तीच ही. बारीक पांढरे तंतू, एका ठिकाणाहून निघालेले, फुटत फुटत पुढे गेलेले. खोलीत ओली धोतरं टांगायची, भिंगावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग तो दमट कॅमेरा कातड्यात गुंडाळून बंद कपाटात कोंबायचा. बुरशीला याहून आवडती जागा पावसाळ्यात बडोद्यात कुठे मिळाली नसती. धुळीला घाबरून घाबरून त्यांनी स्वतःच ती पोसली होती.

मी रात्री जेवताना बोलले. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

"अण्णा, तुमच्या भिंगात रांगोळी नाहीये. बुरशी आहे."

"कॅमेऱ्याला हात लावलास तू?"

"लावला. तुम्हीच बघा भिंगातून. फांद्या आहेत त्याला. रांगोळीला फांद्या फुटत नाहीत. ओल्या धोतरांनी झालंय ते, आईनं नाही केलेलं."

"फार अक्कल आली तुला."

"तुम्ही फीचे पैसे भरता त्याचीच."

ते ताटावरून उठले. आई आमटीची पळी हातात धरून तशीच बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती आतून सुखावली असेल. बाहेरच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅटरीच्या बटणाचा. अण्णांनी चूक झाली असं त्या रात्री म्हटलं नाही आणि पुढे मरेपर्यंत म्हटलं नाही. पुढच्या रविवारी मात्र धोतरं बादलीत पडली नाहीत आणि कॅमेरा ओट्यावर उन्हात ठेवलेला दिसला. भिंग नंतर त्यांनी मुंबईला पाठवून साफ करून आणवलं. त्यांच्या शोकसभेत त्यांच्या छायाचित्र मंडळाचे एक सभासद त्यांच्या काटेकोरपणाबद्दल आणि निर्मळ कलादृष्टीबद्दल गहिवरून बोलत होते. मी चप्पल घालून बाहेर येऊन उभी राहिले होते.

पण जेवणावरचा तो माझा विजय फार टिकला नाही. त्याच आठवड्यात सकाळचा चहा घेता घेता अण्णा आईला म्हणाले, "प्रदर्शनाला जा तू. माझी हरकत नाही." आई चहा गाळत होती. अण्णांनी पाकिटातून एक मोठा फोटो काढला. मांडवी दरवाजाखाली विडी पेटवणारा पागोटेवाला म्हातारा. या फोटोला त्यांना छायाचित्र मंडळाचं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. "विषय मात्र नीट घे. हा घे. मी यावर चौकोन पाडून देतो, तू जमिनीवर तसेच मोठे पाडायचे, म्हणजे प्रमाण चुकायचं नाही. आणि खाली लिहायचं, अमक्याच्या छायाचित्रावरून. मग मी येऊन पूर्ण रांगोळीचा फोटो घेईन."

"बरं," आई म्हणाली. फोटो घेतला आणि फडताळात ठेवला.

अण्णा कचेरीत गेले आणि आई माझ्यावर उलटली. तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

"तुला कुणी सांगितलं होतं वकिली करायला?"

मी थक्कच झाले. "अगं, त्यांनी खोटा आळ घेतला होता तुझ्यावर! आता तुला जाता येईल."

"मी जाणारच होते! नाही म्हणून कळवलं होतं का मी? कोकिळाबेनकडे काय पापड लाटत होते रोज दुपारी? सगळे रंग नव्यानं करून ठेवलेत तिच्या कोठारात. प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळी यांचा जेवणाचा डबा भरून ठेवणार होते, पायात चप्पल घालणार होते आणि यांच्यासमोरून जाणार होते. ओरडले असते तर ओरडू दिलं असतं. घरात घेतलं नसतं तर तेही बघितलं असतं." तिचा आवाज चिरकला. "आता काय झालं? आता त्यांनी पाठवलं म्हणून मी गेले. त्यांचा फोटो, त्यांचे चौकोन, खाली त्यांचं नाव. माझं काय राहिलं त्यात, सांग ना. चिमूट तेवढी माझी!"

मीही चिडले तिच्यावर. आमच्या घरात तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकावर चिडलेला होता आणि चहा मात्र वेळेवर होत होता. तरीही जायच्या दिवशी मी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर गेले; रंगांचे डबे घेऊन कोकिळाबेनही आल्या. पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो, चौकोन पाडलेला, तिनं पिशवीत घेतला होता. एका शाळेचं सभागृह होतं, बाकं भिंतीशी सरकवलेली, जमिनीवर चुन्याच्या रेघांनी जागा आखलेल्या. प्रत्येक जागेभोवती खुंट्यांना सुतळीची दोरी बांधलेली, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडू नये म्हणून. आईनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि कोकिळाबेनना दोरीपलीकडे एका पाटावर बसवलं. त्यांच्या हातात सूप दिलं, सुपात बाजरी.

"आई, फोटो?" मी विचारलं.

"असू दे पिशवीत."

ती बघून काढणार होती. समोर बसलेल्या जिवंत बाईकडे बघून. कोकिळाबेन बसल्या बसल्या खरोखरच बाजरी निवडायच्या, मधेच डुलकी घ्यायच्या आणि दर थोड्या वेळानं विव्हळायच्या, "हवे माराथी नहीं बेसाय, घूंटण गया मारा," आता बसवत नाही, गुडघे गेले माझे. आई नुसती मान हलवायची. पाय पोटाशी घेऊन, पंजांवर तोल सांभाळत ती सरकत होती आणि तिच्या बोटांतून रंग असा पडत होता की जमिनीला लागल्याचंही कळू नये. आधी नाक उमटलं, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग थकलेल्या माणसाच्या तोंडाशी असतात त्या दोन घड्या. मी वाट्या भरून देत होते. मला तिच्याकडे बघून भीती वाटली. इतकं सगळं हिच्यात होतं आणि इतकी वर्षं ही फरशी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उद्घाटनाच्या थोडं आधी, अण्णा आले. इस्त्रीचा बुशकोट, गळ्यात कॅमेरा. दारापासूनच ते ओळखीच्यांना नमस्कार करत येत होते. "घरचंच काम आहे आमच्या. मीच म्हटलं काढ म्हणून," असं कुणाला तरी सांगताना मी स्वच्छ ऐकलं. मग ते दोरीपाशी पोहोचले आणि त्यांनी खाली पाहिलं. पागोटं नाही, विडी नाही, मांडवी नाही. सूप मांडीवर घेतलेली शेजारीण. कोपऱ्यात कुणाचंही नाव नाही. पण भोवती माणसं होती, आणि माणसं वाकून वाकून बघत होती, वाहवा करत होती. तेव्हा अण्णांनी घसा साफ केला, कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि दोरीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीला मालकासारखं म्हणाले, "बेन, आ दोरी जरा ऊंची करो ने. अंदरथी फोटो लेवो छे."

ती गोंधळली. तिनं आईकडे वळून विचारलं, "काकी, आ काकाने अंदर आववुं छे. ओळखो छो एमने?"

आई सुपाची कड पुरी करत होती. तिनं मान वर केली आणि अण्णांकडे पुरतं बघून घेतलं, घाई न करता. हॉलमधल्या सगळ्यांना समजावं म्हणून की काय कोण जाणे, ती गुजरातीतच बोलली.

"ओळखुं छुं," ती म्हणाली. "पण अंदर नहीं."

आणि पुन्हा खाली वाकली. मुलीनं दोरी वर केली नाही. अण्णा झाकण हातात धरून उभे राहिले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीच्या आत होते, विटकरी रंगाची वाटी घेऊन. उठून त्यांच्यापाशी जावं असं मला वाटलं नाही, आणि आईनं हात पुढे केला तशी मी वाटी तिच्या हातात दिली.